आज किती खिळे?

फेब्रुवारीच्या मध्यावर तीन दिवस पाऊस पडत होता. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही असा पाऊस आठवत नव्हता. हिवाळ्यातल्या लांब रात्रीनंतर सूर्य परत येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. मुलं टेकडीवर जाऊन त्याला गाणं म्हणून दाखवून आली, तेव्हा त्यांच्या पापण्या गोठून चिकटत होत्या. आणि आता शाळेच्या पत्र्यावर पाणी ताडताड वाजत होतं, कुत्री भिजून केविलवाणी झाली होती, आणि घराघरांमधल्या वाटा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

अकराच्या सुट्टीत बोलेथे नेहमीप्रमाणे शाळेमागच्या उंचवट्यावर चढली. तिचं वय एकसष्ट. वस्तीतली निम्मी माणसं तिच्या हाताखाली अक्षरं शिकलेली, त्यामुळे लहानमोठे सगळे तिला बाईच म्हणत. वर एक सपाट दगड होता. त्यात दुर्बीण बसेल अशी खोबण तिच्या नवऱ्याने, इसाकने, कोरून ठेवली होती. दगडापासून चाळीस पावलं खाली, उताराच्या कडेला, एक लांबच लांब फळी दोन खांबांवर आडवी ठोकलेली होती आणि तिच्यावर फणीच्या दातांसारखे खिळे उभे होते. त्याच्याही पलीकडे खाडी, आणि खाडीच्या टोकाला सेर्मेक.

सेर्मेक म्हणजे हिमनदी. तिला दुसरं नाव कुणी दिलं नव्हतं, कारण गरजच पडली नव्हती. दर ऑक्टोबरात तिच्या पाठीवर खूप वरच्या अंगाला एक उंच काठी रोवायची, तिला लाल निशाण बांधायचं, आणि रोज अकरा वाजता खोबणीतून पाहायचं की निशाण कोणत्या खिळ्यामागे आलं. मग खाली फळीपर्यंत जायचं आणि त्या खिळ्याला दोरा बांधायचा. उद्या तिथून पुढे मोजायचं. हिवाळ्यात ती दिवसाला दोन खिळे चालायची. जूनमध्ये पाच. तीनच्या वर आकडा गेला की कुणीही तिच्या तोंडाजवळ, जिथे ती खाडीत तुटून पडते तिथे, जायचं नाही, हा नियम.

इसाक गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून आकडा बोलेथे सांगायची.

तिने डोळा लावला. खाडीवर धुकं पसरलं होतं, पण वर निशाण दिसत होतं. कालच्या दोऱ्यापासून तिने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

तिने डोळा पुसला, काच पुसली, पुन्हा मोजलं. पाच.

खिशातला वायरलेस खरखरला.

"आई, झोपलीस का त्या दगडावर? कुत्र्यांना धीर नाही आता."

हा पाविआ, तिचा मुलगा. तो आणि त्याचा काका युनासी गोठलेल्या खाडीवर तंबू टाकून तीन दिवस बसले होते.

"कुत्र्यांना आहे, तुला नाही," ती म्हणाली.

"माझं सोड, काकाचं बघ. सकाळपासून चौथी कॉफी प्यायलाय. आता मलाच खायला उठेल."

मागून युनासीचा घोगरा आवाज आला, "वहिनी, ह्या तुमच्या चिरंजीवांनी सगळे सुके मासे फस्त केले. लवकर आकडा सांगा, नाहीतर उपास आहे आज."

हॅलिबट मासा सेर्मेकच्या तोंडापाशीच दाट लागतो. बर्फाला भोक पाडून, पत्र्याच्या तिरक्या तुकड्याला बांधलेली शेकडो गळांची दोरी आत सोडायची. प्रवाह तो पत्रा पुढे ओढत नेतो आणि दोरी पाण्याखाली लांबवर पसरते. जानेवारीत मासा लागलाच नव्हता. कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. दोघांनी काल दोरी सोडून ठेवली होती आणि ती आज ओढायची होती.

बोलेथे फळीकडे बघत राहिली. फेब्रुवारीत पाच? असं कधी होत नाही. मग दुसरंच काहीतरी झालं असणार, आणि ते काय, हे तिला लगेच सुचलं. पावसाने खांबाखालची जमीन सुटली असेल आणि फळी सरकली असेल. फळी वीतभर सरकली तरी तीन खिळ्यांचा फरक पडतो. तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं होतं. गरम वारा सुटला, इसाकने पाच सांगितले, सगळी माणसं दोऱ्या कापून, मासे टाकून पळत सुटली. नंतर कळलं की सेर्मेक जागची फारशी हललीच नव्हती, कललेली होती ती फळी. त्या दिवसापासून इसाकचं नावच पाच-खिळे इसाक पडलं. दुकानात गेला की कुणीतरी म्हणायचंच, "इसाकला खिळे द्या रे, पण पाचच द्या." तोही हसायचा. पण घरी आल्यावर हसायचा नाही. त्याने मग खांबाच्या पायाशी खडकावर एक ओरखडा काढून ठेवला. खांब ओरखड्याला लागून असला की फळी जागेवर आहे, नसला की सरकली.

म्हणजे चाळीस पावलं खाली जाऊन पाहायचं, एवढंच काम होतं.

उतारावर पाण्याखाली निखळ बर्फ होता. तिचा उजवा गुडघा दुखत होता. खाली मुलांची घंटा झाली.

शाळा सुटल्यावर बघू, दोराही तेव्हाच बांधू, असं तिने ठरवलं. आणि वायरलेसचं बटण दाबून म्हणाली, "दोन."

"दोनच ना? एवढा वेळ लावलास, मला वाटलं बाबांसारखे पाच सांगतेस की काय."

"दोन," ती म्हणाली.

वर्गात चौदा मुलं होती. सूर्य परत आला की बोलेथे दर वर्षी हाच धडा घेई, आणि पुस्तकातून नव्हे, अंगाने घेई. सगळ्यात दांडग्या मुलाला, आरोनला, तिने सेर्मेक केलं होतं. तो मोजे घालून मधोमध उभा होता आणि पुढे रेटत होता. चार मुलं त्याच्या छातीवर हात टेकून त्याला अडवत होती.

"हे कोण?" तिने त्या चौघांकडे बोट दाखवलं.

"हिवाळ्यातला समुद्र!" सगळे ओरडले. "गोठलेला!"

"आणि ह्याने पुढे लोटलेले हिमखंड, त्यांची दाटी. हिवाळ्यात ही दाटी त्याला छातीशी धरून ठेवते. म्हणून तो हळू चालतो. आता उन्हाळा करा."

चौघांनी हात काढले. आरोन भसकन पुढे गेला आणि बाकावर आपटला. सगळा वर्ग खिदळला.

"बाई, सेर्मेकचं नाक फुटलं!"

"उन्हाळ्यात फुटतंच ते," बोलेथे म्हणाली. "पण अजून एक गोष्ट आहे. त्याच्या पायाखाली काय येतं?"

तिने जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि आरोनला त्यावर उभं केलं. मोजे ओले झाले, तो घसरायला लागला. पाठीवरचा बर्फ वितळतो, पाणी भेगांमधून खाली उतरतं, पोटाखाली शिरतं आणि एवढं मोठं धूड उचलून धरतं, असं ती सांगत होती. जूनमध्ये म्हणून ती धावते. पण ऑगस्टमध्ये ऊन असूनही मंदावते. का? तर तोवर पाण्याने खाली आपल्या वाटा कोरलेल्या असतात, ते त्या वाटांनी निघून जातं, तिला उचलत बसत नाही. आणि हिवाळा आला की त्या वाटा वरच्या वजनाने मिटून जातात.

खिडकीजवळ किम्मेर्नाक बसली होती. आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. ती पत्र्यावरचा आवाज ऐकत होती.

"बाई, हे पाणी आत्ता कुठे जातं?"

"कोणतं?"

"हे पावसाचं. सेर्मेकच्या पाठीवर पण पडत असेल ना?"

"पडत असेल की."

"मग वाटा तर मिटल्यात. तुम्हीच सांगितलंत. मग ते कुठून जाईल?"

आरोन म्हणाला, "वेडी आहे ही, हिवाळ्यात काय पाऊस पडतो?" आणि मग त्यालाच पत्र्यावरचा आवाज ऐकू आला.

बोलेथेच्या हातात रिकामा तांब्या होता. तो तिने टेबलावर ठेवला. उत्तर तिला येत होतं. तीस वर्षं ती ते शिकवत होती.

"चित्र काढा सगळ्यांनी," ती म्हणाली. "मी आलेच."

तिने अंगात नीट काही घातलंसुद्धा नाही. दगडापाशी पोचल्यावर ती उतारावर सरळ खाली बसली आणि घसरत गेली. फळीच्या खांबाला मिठी मारून थांबली. तळहात सोलले होते. तिने खांबाच्या पायाशी वाकून पाहिलं. पाणी हाताने बाजूला केलं. ओरखडा होता तिथेच होता आणि खांबाची कड त्याला तंतोतंत लागून होती. दुसऱ्या खांबाचंही तसंच. फळी केसभरही हलली नव्हती.

धुकं आता उचललं होतं. तिने रांगत वर जाऊन दुर्बिणीला डोळा लावला. निशाण पाचव्या खिळ्यावर नव्हतं. पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध होतं.

"पाविआ!" तिने बटण दाबलं. "पाविआ, ऐकतोयस का?"

उत्तर युनासीचं आलं. "काय हो वहिनी? तो नाही इथे."

"कुठाय?"

"तोंडापाशी, दोरी ओढतोय. मघाशी सांगत होता, एकेक मासा कुत्र्याएवढा आहे म्हणून. थापा मारतो झालं. मी तंबूपाशी साफ करतोय."

"त्याला मागे बोलवा."

"वायरलेस बंद असणार त्याचा. ओढताना पिशवीत ठेवतो, भिजतो म्हणून. का? झालं काय?"

"पाच खिळे होते, भाऊजी."

"आत्ता झाले?"

"सकाळीच होते. मला वाटलं, फळी सरकली. मी दोन सांगितले."

युनासी बडबड्या माणूस. लग्नात, मयतात, चर्चमध्येसुद्धा त्याला गप्प बसवावं लागे. आता तो एवढंच म्हणाला, "बरं. कुत्री स्लेजला जोडतो."

तुम्ही नका जाऊ, असं म्हणायला हवं होतं. नियम तिलाही लागू होता आणि त्यालाही. ते शब्द तिच्या तोंडाशी आले आणि तिने ते गिळले.

त्यानंतर काय झालं ते युनासीने संध्याकाळी सांगितलं. तो कमरेपर्यंत भिजून आला होता आणि अकरापैकी सातच कुत्री त्याच्याबरोबर होती. त्याने पाविआला लांबून पाहिलं होतं. हाका मारल्या. पाविआने हात हलवला, एक मासा उचलून दाखवला. तेवढ्यात पायाखालून असा आवाज आला की कुत्री आपणहून खाली बसली. मग दाटी सुटली. एवढे दिवस एकमेकांत अडकून घट्ट बसलेले हिमखंड फिरायला लागले, मधला बर्फ कागदासारखा फाटला. पाविआ पलीकडे राहिला.

"उभा होता," युनासी पुन्हा पुन्हा म्हणत होता. "वहिनी, मी वळलो तेव्हा तो उभा होता."

सकाळच्या आकड्याबद्दल त्याने कुणाला एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पाविआ बोलला. सगळ्या वस्तीचे वायरलेस चालू होते, सगळ्यांनी ऐकलं. तो एका मोठ्या तुकड्यावर होता, चार कुत्री होती, पाय ओले होते. तुकडा दक्षिणेच्या कड्याकडे सरकतोय, म्हणाला. अर्धा दिवस टिकेल. बॅटरी कमी आहे, म्हणून बंद करतो.

शहरातलं हेलिकॉप्टर तिथल्या धुक्यामुळे उडू शकत नव्हतं. राहता राहिले वस्तीतले लोक. अकराला सेव्हेरिन, आरोनचा बाप, पाच माणसांना घेऊन उंचवट्यावर आला. खाली किनाऱ्यावर स्लेजना कुत्री जोडलेली होती आणि दोन हलक्या होड्या स्लेजवर बांधलेल्या होत्या. त्या पाचांत किम्मेर्नाकचा बाप होता. पाचही जण बोलेथेचे विद्यार्थी. युनासीही कुणाच्यातरी कोरड्या कपड्यांत येऊन उभा राहिला होता.

"कड्याखालून गेलो तर दोन तासांत पोचू, बाई," सेव्हेरिन म्हणाला. "कड्यालगतचा बर्फ अजून धरून आहे."

"तोंडासमोरून जावं लागेल."

"जावं लागेलच. तुम्ही आकडा सांगा."

किम्मेर्नाकचा बाप म्हणाला, "काल दोन होते आणि एवढं झालं. सेर्मेकने दगा दिला, बाई. त्यात आकड्याचं काय."

"दगा नाही दिला," बोलेथे म्हणाली. "काल पाच होते. मी पाहिले. मी दोन सांगितले."

युनासीने मान खाली घातली. सेव्हेरिनने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"ते नंतर बघू," तो शेवटी म्हणाला. "आज सांगा."

ती आधी खाली गेली. या वेळी किम्मेर्नाकच्या बापाने तिचा हात धरला होता. दोन्ही खांबांचे पाय तिने पाहिले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. काल संध्याकाळी बांधलेला दोरा तपासला. मग वर येऊन खोबणीत डोळा लावला. मागे माणसांचे श्वास ऐकू येत होते.

तिने तीनदा मोजलं.

"सात."

"नीट बघा," सेव्हेरिन म्हणाला. त्याचा आवाज वर्गात उत्तर विचारणाऱ्या मुलासारखा झाला होता. "बाई, पावसात दिसत नाही नीट. फळी सरकली असेल."

तो काय देऊ करतोय, ते तिला कळलं. सगळ्यांनाच कळलं. तिने फक्त हो म्हणायचं होतं. तीन म्हटलं असतं तरी ते गेले असते. एकानेही पुन्हा विचारलं नसतं. खाली कुत्री ओरडत होती, निघायला उतावीळ झालेली. शाळेच्या खिडकीत मुलांची डोकी दिसत होती.

"फळी मी आत्ताच बघितली. सात आहेत."

"वहिनी," युनासी म्हणाला.

"सात, भाऊजी. कुणी जायचं नाही."

सेव्हेरिनने खाली हाताने खूण केली आणि किनाऱ्यावरची माणसं कुत्र्यांचे पट्टे सोडायला लागली. तेवढ्यात खाडीच्या टोकाकडून आवाज आला, आधी कडाडल्यासारखा आणि मग लांबवर घरंगळत गेलेला. सेर्मेकच्या तोंडाचा एक भाग सुटून पाण्यात बसला होता. कड्यालगतचा बर्फ वर उचलला गेला, खाली गेला आणि त्यात काळ्या रेघा पडल्या. बोलेथेला त्याने हायसं वाटलं नाही.

सव्वा वाजता वायरलेस खरखरला.

"आई."

"बोल."

"किती?"

ती लगेच बोलली. "सात."

"फळी बघितलीस?"

"बघितली. काल नव्हती बघितली. काल पाच होते, पाविआ."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "हं," तो म्हणाला. "मलाही काल ओढताना वाटलं होतं. दोरी तिरकी येत होती, बर्फ सरकत असल्यासारखी. म्हटलं, आईने दोन सांगितलेत." आणि मग, "म्हणजे कुणी येत नाहीये."

"नाही."

"सेव्हेरिन आहे का तिथे?"

"आहे. ऐकतोय."

"घरची पिल्लं काकाला दे. सेव्हेरिनला एकही देऊ नकोस, तो उपाशी ठेवतो."

सेव्हेरिनने तोंड फिरवलं. "गाढव आहे लेकाचा," तो म्हणाला.

"पुन्हा केव्हा बघणार आहेस?" पाविआने विचारलं.

"म्हणशील तेव्हा."

"अर्ध्या तासाने बघ. वेग कमी झाला तर सांग. वाढला तरी सांग. खरं काय ते सांग."

पावणेदोनला तिने सांगितलं, "सातच्या पुढे गेलंय." तो "हं" म्हणाला. सव्वादोनला सांगितलं, तेव्हा बटण दाबल्याचा नुसता टक असा आवाज आला. माणसं एकेक करून खाली गेली. युनासी राहिला. त्याने आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि दगडाच्या आडोशाला बसला.

पावणेतीनला उजेड कमी व्हायला लागला होता. निशाण अजून दिसत होतं. तिने दोऱ्यापासून मोजलं, मग एकदा पुन्हा मोजलं.

"साडेसात," ती म्हणाली, आणि बटण सोडून उत्तराची वाट पाहत राहिली.

उत्तर आलं नाही. सव्वातीनला तिने पुन्हा डोळा लावला.